मोत्याचा चौक आणि साखीरची शर्यत

आजीच्या नथीचा विषय निघाला की जुन्या घरांत ‘हे अस्सल बसरा मोती बरं का’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. नाव बसऱ्याचं, पण त्यातले पुष्कळसे मोती बहारीनच्या उथळ समुद्रातून पाणबुडे वर काढत आणि व्यापारी ते मुंबईच्या बाजारात आणत. हा संबंध इतका घरोब्याचा होता की १९६५ पर्यंत बहारीनमध्ये व्यवहार चाले तो रुपयातच. पुढे जपानी मोत्यांनी हा धंदा बुडवला, १९३२ मध्ये तिथे तेल सापडलं आणि मोती स्मारकापुरता उरला. राजधानी मनामात १९८२ मध्ये ते स्मारक उभं राहिलं. आखातातल्या सहा देशांची सहा शिडं आणि त्यांनी वर तोलून धरलेला एक मोती. लोक त्या जागेला लुलू चौक म्हणत. लुलू म्हणजे मोती.

मोटारशर्यतींच्या लेखात हे मोतीपुराण आलं, कारण त्या खेळाला आपल्या नैतिकतेचा प्रश्न सर्वांत अवघड रीतीने पडला तो याच चौकामुळे.

१४ फेब्रुवारी २०११ रोजी या चौकात माणसं जमायला लागली. ट्युनिशिया आणि इजिप्तमधल्या सत्ता नुकत्याच कोसळल्या होत्या. बहारीनमध्ये राजघराणं सुन्नी आणि प्रजेत शियांची बहुसंख्या. मागणी होती निवडून दिलेल्या सरकारची आणि नोकऱ्यांतला भेदभाव संपवण्याची. तीन दिवसांनी पहाटेच्या अंधारात पोलिसांनी झोपलेल्या लोकांवर कारवाई केली आणि त्यात माणसं मेली. तिथून सुमारे तीस किलोमीटरवर, साखीरच्या वाळवंटातल्या सर्किटवर, १३ मार्चला फॉर्म्युला वनच्या हंगामाची पहिली शर्यत व्हायची होती.

२१ फेब्रुवारीला युवराज सलमान बिन हमद अल खलिफा यांनी स्वतःच यंदा शर्यत नको असं जाहीर केलं. मार्चमध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालचं सैन्य समुद्रावरचा पूल ओलांडून आलं, चौक रिकामा झाला आणि १८ मार्चला ते मोत्याचं स्मारकच पाडून टाकलं. पाडताना काँक्रीट अंगावर कोसळून क्रेन चालवणारा एक परदेशी मजूर मेला. स्मारकाचं चित्र असलेलं पाचशे फिल्सचं नाणंही चलनातून काढून घेतलं गेलं. त्या चौकाची सत्तेला किती धास्ती होती हे समजायला एवढं पुरे.

यानंतर जे घडलं त्यात आपणही आहोत. ३ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाने रद्द झालेली शर्यत पुन्हा कार्यक्रमात घेतली आणि तिला तारीख दिली ३० ऑक्टोबर. ती तारीख भारताच्या पहिल्यावहिल्या शर्यतीची होती. भारताला डिसेंबरमध्ये ढकललं गेलं. चालकांमधला मार्क वेबर उघडपणे विरोधात बोलला. बाकी बहुतेक गप्प होते. आठवडाभरात बेत बारगळला, पण त्यामागे प्रामुख्याने उभी राहिली ती तांत्रिक अडचण: हंगाम सुरू झाल्यावर वेळापत्रक बदलायचं तर संघांची संमती लागते, आणि संघांना डिसेंबरपर्यंत लांबलेला हंगाम नको होता. कैद्यांचा छळ हे कारण कुणी कागदावर आणलं नाही. लांबलेल्या हंगामाचं कारण मात्र लगेच चाललं.

३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडात सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला. आपण टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच परिसरातल्या भट्टा-पारसौलमध्ये जमीन संपादनावरून गोळीबार झाला होता आणि शेतकरी व पोलीस दोघांचेही बळी गेले होते. सर्किट बांधणाऱ्या जेपी समूहाकडेच यमुना द्रुतगती मार्गाचंही काम होतं. भट्टा-पारसौल म्हणजे मनामा नव्हे, ही तुलना ताणणं चूक ठरेल. तरीही बहारीनकडे बोट दाखवताना ही आठवण जवळ असलेली बरी.

त्याच नोव्हेंबरमध्ये राजानेच नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. अध्यक्ष होते कायदेपंडित शरीफ बसिऊनी. त्या काही महिन्यांतल्या ३५ मृत्यूंची नोंद आयोगाने केली आणि कोठडीतला छळ हा तुरळक प्रकार नसून पद्धतशीर होता असं लिहिलं. अटक झालेल्यांत खुद्द साखीर सर्किटचे कर्मचारीही होते. एवढं सरकारी अहवालातच छापून आल्यावर पाच महिन्यांनी, २२ एप्रिल २०१२ रोजी, शर्यत ठरल्याप्रमाणे झाली. सरकारने घोषणा केली होती ‘एक राष्ट्र, एक उत्सव’ अशा अर्थाची. ‘खेळात राजकारण आणू नका’ असं म्हणणाऱ्यांनी शर्यतीच्या फलकांवर ते कोण आणत होतं तेही पाहायला हवं होतं.

त्या आठवड्यात फोर्स इंडिया या भारतीय मालकीच्या संघातले काही जण भाड्याच्या गाडीतून मनामाकडे परतत असताना पेट्रोल बॉम्बच्या चकमकीत सापडले. कुणी जखमी झालं नाही, पण दोघं मायदेशी निघून गेले. उजेड असतानाच सर्वांना हॉटेलवर पोहोचवता यावं म्हणून संघाने शुक्रवारचा दुसरा सराव सोडला. दुसऱ्या दिवशी पात्रता फेरीच्या प्रक्षेपणात त्यांच्या गाड्या जवळजवळ दिसल्याच नाहीत, हे जगभरच्या प्रेक्षकांच्या नजरेतून सुटलं नाही. त्याच शनिवारी एका गावात छपरावर एका निदर्शकाचा मृतदेह सापडला. तुरुंगात मानवाधिकार कार्यकर्ते अब्दुलहादी अल-ख्वाजा यांच्या उपोषणाला सत्तर दिवस उलटले होते. व्हेटेलचं म्हणणं होतं की हा सगळा गाजावाजा आहे, आपल्याला टायरच्या तापमानासारख्या खऱ्या गोष्टींकडे वळायचं आहे. रविवारी तोच जिंकला. हाच व्हेटेल पुढे हंगेरीत समलैंगिकांच्या हक्कांसाठी इंद्रधनुषी सदरा घालून उभा राहिला. माणसं बदलतात, त्या वेळचा व्हेटेल मात्र त्याच्या खेळाचं अचूक प्रतिबिंब होता.

शर्यतीच्या बाजूने एक युक्तिवाद मला मनापासून विचार करायला लावतो: शर्यत नसती तर जगाने बहारीनकडे पाहिलंच नसतं. यात तथ्य आहे. क्रीडावार्ताहर संध्याकाळी गावांत जाऊन अश्रुधूर खाऊन आले आणि त्यांनी लिहिलं. पण सरकारलाही हे कळत होतंच. कित्येक वृत्तपत्रांच्या राजकीय वार्ताहरांना व्हिसा नाकारला गेला, आणि त्याविना चित्रीकरण करणाऱ्या ब्रिटनच्या चॅनल फोरच्या चमूला पकडून देशाबाहेर पाठवलं. कॅमेरा हवा होता, पण तो धावपट्टीवरच रोखलेला.

या खेळाचा हिशेब क्रिकेटहून वेगळा आहे. क्रिकेटमध्ये यजमान मंडळ कमावतं. फॉर्म्युला वनमध्ये यजमानाला दरवर्षी भलीमोठी रक्कम मोजावी लागते आणि तिकिटांतून ती सहसा वसूल होत नाही. मग सरकारं ती का देतात? उत्तर नफ्या-तोट्याच्या वहीत सापडणार नाही. शिवाय बहारीनच्या सरकारी गुंतवणूक कंपनीचा २००७ पासून मॅकलॅरेनमध्ये मोठा हिस्सा आहे. यजमान आणि पाहुणा यांचा खिसा असा एकाच कोटाला असेल, तर पाहुण्याने जेवणाला नावं कशी ठेवायची!

याआधीही असं झालेलं होतं. १९ ऑक्टोबर १९८५ रोजी दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला शर्यत झाली. आदल्याच दिवशी बेंजामिन मोलोइझ या कृष्णवर्णीय कवीला फाशी देण्यात आली होती. फ्रेंच सरकारच्या दबावामुळे लिजिए आणि रेनॉ हे संघ गेले नाहीत. बाकीचे गेले, काही प्रायोजकांनी गाड्यांवरची नावं तेवढी झाकली. भारताने १९७४ मध्येच दक्षिण आफ्रिकेविरुद्धची डेव्हिस चषकाची अंतिम लढत सोडून दिली होती, म्हणजे हातातला चषक. क्यालामीला फॉर्म्युला वन परतली ती थेट १९९२ मध्ये.

रशियाबाबत मात्र दोन दिवसही लागले नाहीत. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला, २५ तारखेला सोचीची शर्यत रद्द. निर्णय योग्यच होता. पण त्यानंतर महिन्याभरात सौदी अरेबियातल्या जेद्दाहमध्ये सराव चालू असताना सर्किटपासून साधारण पंधरा किलोमीटरवरच्या सौदी तेलकंपनी अरामकोच्या तेलसाठ्यावर हूथी बंडखोरांचा हल्ला झाला आणि धुराचा लोट चालकांना सर्किटवरून दिसला. चालकांची बैठक रात्री दोनच्या पुढे चालली. रविवारी शर्यत झाली. फॉर्म्युला वनच्या बड्या प्रायोजकांपैकी एक होती अरामकोच. त्या देशात दोन आठवड्यांपूर्वी एकाच दिवशी ८१ जणांना देहदंड दिला गेला होता.

मग शर्यती भरवायच्या तरी कुठे? हा प्रश्न उडवाउडवीचा म्हणून विचारला जातो, तरी तो खरा आहे. सोवळ्यात बसेल असा देश शोधायला निघालं तर यादी फार लवकर संपेल, आणि आपणही त्यात असू याची खात्री नाही. माझ्या मते मोजपट्टी लहान ठेवावी. देशात अन्याय आहे का, हा प्रश्न क्रीडासंघटनेच्या आवाक्याबाहेरचा असेल. पण या शर्यतीसाठी, या शर्यतीमुळे कुणाला तुरुंगात टाकलं का, हा प्रश्न तिच्याच अंगणातला आहे. ब्रिटनमध्ये दाखल झालेल्या एका तक्रारीनंतर २०१५ मध्ये फॉर्म्युला वनने मानवाधिकारांचा आदर करण्याची लेखी बांधिलकी जाहीर केली. दोन वर्षांनी बहारीनमध्ये एका स्त्रीला समाजमाध्यमावरच्या लिखाणासाठी अटक झाली. त्या मजकुरात शर्यतीचा निषेधही होता. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाच्या माफीने सुटली. या काळात साखीरला एकही शर्यत चुकली नाही.

लुलू चौकाच्या जागी आता सिग्नल असलेला चौरस्ता आहे, त्याला नाव दिलंय अल-फारूक.