सतराव्या वर्षी थांबलेली मुलं

1892च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, एक्झिटर नावाच्या गावी, मर्सी ब्राऊन या 19 वर्षांच्या मुलीचं प्रेत बाहेर काढून तपासलं गेलं. जानेवारीत ती क्षयाने गेली होती. आई आणि थोरली बहीण त्याच दुखण्याने आधी गेल्या होत्या, आणि आता भाऊ एडविन खंगत चालला होता. कडाक्याच्या थंडीमुळे मर्सीचं शरीर फारसं बिघडलं नव्हतं, हृदयात रक्त दिसलं. गावकऱ्यांना तेवढं पुरलं. हृदय जाळून त्याची राख पाण्यातून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने दहा वर्षं आधीच शोधून काढला होता.

मी शाळेत ग्रंथपाल आहे. व्हॅम्पायरची पुस्तकं मागणाऱ्या मोठ्या मुलांना मी ही हकीकत सांगते, कारण या भुताचं मूळ तिच्यात दिसतं. एका घरातली माणसं एकामागून एक जातात, कारण उमगत नाही, आणि गेलेलंच माणूस मागे राहिलेल्यांना ओढून नेतंय असं वाटू लागतं. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'ने 1897 साली या भुताला गढीतला सरदार केलं, सिनेमाने त्याला काळा झगा चढवला, आणि घरातल्या मृत्यूशी असलेलं त्याचं नातं मागे पडलं. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिणाऱ्या काही लेखकांनी ते पुन्हा जोडलं. त्यांत माझ्या लेखी सगळ्यांत मोलाचं पुस्तक म्हणजे अ‍ॅनेट कर्टिस क्लॉज यांचं 'द सिल्व्हर किस'.

क्लॉज मूळच्या इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या. किशोरवयात अमेरिकेत आल्या आणि पुढे मेरीलँडमध्ये बालग्रंथपाल झाल्या. 1990 साली आलेल्या या कादंबरीतली झोई शाळकरी मुलगी आहे. आई कॅन्सरने रुग्णालयात आहे. वडील तिथेच अडकलेले, आणि झोईला मात्र ते फार वेळ आईजवळ थांबू देत नाहीत. तिला त्रास होईल म्हणून. जिवाभावाची मैत्रीण गाव सोडून निघाली आहे आणि तिलाही हा विषय झेपत नाही. अशा वेळी भेटतो सायमन. दिसायला कोवळा पोरगा, खरं वय तीनशेच्या पुढे. त्याच्याही आईला मृत्यूनेच नेलं, तेही त्याच्याच भावाच्या हातून. तो भाऊ, ख्रिस्तोफर, लहानपणीच व्हॅम्पायर झाला आणि तेवढाच राहिला. हरवलेल्या पोराचं सोंग घेऊन तो बायकांना मारतो.

भीती पुरेपूर आहे, पण मला हे पुस्तक आवडतं ते दुसऱ्याच कारणासाठी. झोईशी मरणाबद्दल सरळ बोलतो तो एकटा सायमन. न मरता नुसतं उरून राहणं किती ओसाड असतं हे त्याला माहीत आहे. शेवटी तो उगवत्या सूर्याला स्वतःहून सामोरा जातो. त्याला जाऊ देताना झोई आईलाही जाऊ द्यायला शिकते.

'ट्वायलाइट' सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते. स्टेफनी मेयर यांची ही मालिका 2005 साली सुरू झाली आणि तिच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. तिचा नायक एडवर्ड 1918मध्ये शिकागोत स्पॅनिश फ्लूने मरणाच्या दारात होता. आईबाप दोघंही त्यातच गेले; जाताना आईने मुलाला वाचवण्याची गळ डॉक्टरला घातली, आणि डॉक्टर निघाला व्हॅम्पायर. म्हणून एडवर्ड कायमचा 17 वर्षांचा. त्याची प्रेयसी बेला अठराव्या वाढदिवशी उदास होते ती त्यामुळेच: ती पुढे चालली, तो तिथेच राहिला. मेयर तिची इच्छा पुरवतात, तिलाही अमर करतात. वाचताना मुली हरखून जातात, आणि त्यांनी हरखावं. पण ज्या मुलीच्या घरात खरोखर कुणी आजारी आहे तिच्या हाती मी क्लॉज यांचं पुस्तक देते.

मोठ्यांसाठी लिहिलेल्या एका कादंबरीचा उल्लेख इथे हवाच. अ‍ॅन राइस यांची लहानगी मुलगी 1972 साली ल्युकेमियाने गेली. 1976 साली आलेल्या त्यांच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये क्लॉडिया नावाची मुलगी आहे. तिचं मन वाढत जातं, शरीर कधीच वाढत नाही. असाच आपल्याकडे पिंपळावरचा मुंजा असतो. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, म्हणून त्याच वयात अडकलेला.

आपल्या घरांत कुणी अत्यवस्थ झालं की मुलांना मावशीकडे नाहीतर शेजारी धाडतात. परीक्षा असेल तर बातमीसुद्धा दडवतात. नववीतल्या एका मुलीला आजी गेल्याचं पेपर संपेपर्यंत सांगितलं नव्हतं. 'द सिल्व्हर किस' परत करताना ती म्हणाली, "मॅडम, झोईचे बाबापण असंच करतात." त्यानंतर ती बराच वेळ आजीबद्दल बोलत राहिली.

पालकांना इतकंच सांगेन की चौदाच्या आतल्या मुलांना हे पुस्तक देऊ नका, ख्रिस्तोफरचे प्रसंग अंगावर येतात. त्याहून लहानांसाठी अँगेला झोमर-बोडेनबुर्ग या जर्मन शिक्षिकेने लिहिलेला 'छोटा व्हॅम्पायर' आहे, 1979 सालचा. तो प्रेमळ आहे, आणि एका माणसाच्या पोराशी मैत्री करतो.

मला मात्र मुंज्यावरची एक किशोर कादंबरी मराठीत वाचायची आहे. पोरांना घाबरवून पळवणारा मुंजा त्यात नको. घरात कुणी गेलंय आणि कुणीच काही बोलत नाही, अशा मुलीशी पाराखाली बसून बोलणारा मुंजा हवा. कुणी लिहिली, तर मी ती दहावीच्या वर्गात वाचून दाखवेन, परीक्षा तोंडावर असली तरी.