तंबोऱ्याची निगा व दुरुस्ती

तंबोरा हे हिंदुस्थानी संगीतातील आधारस्वराचे तंतुवाद्य असून भोपळा, तबली, दांडी, घोडी, खुंट्या व तारा हे त्याचे प्रमुख भाग होत. भोपळा व लाकूड जुने झाल्याने वाद्य बिघडते असे नाही. चांगल्या मुरलेल्या लाकडाचा नाद अधिक खुलतो, असा गायकांचा व कारागिरांचा अनुभव आहे. झिजतात त्या तारा व घोडी. त्यामुळे जुन्या तंबोऱ्याच्या दुरुस्तीत मूळचे भाग शक्य तितके राखणे हे पहिले पथ्य ठरते.

गिटारची तार अरुंद पट्टीवर टेकते. तंबोऱ्याची तार मात्र घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पृष्ठभागाला चाटून जाते. तार व घोडी यांमध्ये सरकविलेल्या धाग्याने हा स्पर्श नेमका साधला जातो आणि मूळ स्वराबरोबर वरचे आंशिक स्वर झंकारतात. या गुणास जवारी म्हणतात. तारेच्या छेडलेल्या जागेनुसार जे आंशिक स्वर उमटू नयेत, तेही तंबोऱ्यात उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये निदर्शनास आणले.

दीर्घ वापराने घोडीवर तारांच्या चऱ्या पडतात व आवाज बसका किंवा खरखरीत होतो. अशा वेळी कारागीर तारा सैल करून घोडी कानशीने घासतो, पृष्ठभाग गुळगुळीत करतो, तारा पुन्हा चढवून ऐकतो. हा क्रम अनेकदा चालतो. काळी एकसाठी लावलेली जवारी काळी चारला जुळेलच असे नाही, कारण तारेची जाडी व ताण दोन्ही बदलतात. घासून गेलेला अंश परत भरता येत नाही. अननुभवी हाताने घोडी सपाट केली तर बहुधा नवी घोडीच बसवावी लागते. पूर्वी हस्तिदंत व सांबरशिंग यांच्या घोड्या प्रचारात होत्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील नंतरच्या सुधारणांमुळे त्यांचा व्यापार निषिद्ध झाला असून आता हाड, शिसवी लाकूड किंवा कृत्रिम द्रव्ये वापरतात.

या कामाचे महाराष्ट्रातील मुख्य केंद्र मिरज होय. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी दरबारी गायकांची वाद्ये दुरुस्त करता करता नवी घडविण्यास आरंभ केला, असे परंपरेने सांगतात. पंढरपूरकडील भोपळा व तुणीचे लाकूड ही येथील कच्ची सामग्री. मिरजेच्या सतार व तानपुऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

दमट कोकणातून वसमत-नांदेडकडील कोरड्या उन्हाळ्यात नेलेल्या वाद्याची तबली आकसून सांधे सुटण्याचा धोका असतो. सरसाने जोडलेला सांधा ऊब व ओलावा देऊन उघडता येतो. कृत्रिम डिंकाने भरलेली चीर पुढच्या दुरुस्तीस अडथळा करते. तात्पुरत्या सोयीसाठी तिचा अवलंब करणे चुकीचे आहे. गिटारसारख्या यांत्रिक खुंट्या बसविल्याने स्वर लावणे सोपे जाते, परंतु त्यासाठी जुन्या दांडीस नवी छिद्रे पाडावी लागतात व वजनही वाढते. ध्वनिवर्धनासाठी तबलीला चिकटविता येणारा, सहज काढता येणारा ग्राहक पुरेसा असतो. वाद्य दीर्घकाळ ठेवावयाचे असल्यास तारा थोड्या सैल करून ते गवसणीत, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवतात.