आपला माणूस कीं योग्य माणूस ?

निवडणूक म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पक्षांचीं चिन्हें उभीं राहतात. उमेदवार कोण असावा, हें आपण ठरवीत नाहीं. तें पक्षाचे धुरीण ठरवितात, आणि ज्याच्या हातीं ए-बी फॉर्म पडतो तो आपल्यापुढें येऊन उभा राहतो. अमेरिकेंत मात्र उमेदवार ठरवितांनाच मतदारास विचारण्याची चाल आहे. तिला तेथें 'प्रायमरी', म्हणजे प्राथमिक निवडणूक, असें म्हणतात. कांहीं वर्षांमागें चिरंजिवांकडे मिशिगन राज्यांत उन्हाळाभर राहण्याचा योग आला, तेव्हां ती मला जवळून पाहावयास मिळाली. तिच्या निमित्तानें घरांत जो वाद झाला, तो वाचकांपुढें मांडावासा वाटतो.

पूर्वीं अमेरिकेंतही उमेदवार पक्षाच्या बैठकींतच ठरत. या बैठकी थोड्या पुढाऱ्यांच्या व धनिकांच्या हातीं गेल्या, अशी ओरड होऊं लागली, तेव्हां विस्कॉन्सिन राज्याचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनीं हा हक्क थेट मतदारांस द्यावा म्हणून चळवळ केली. 1903 सालीं तसा कायदा झाला, 1904 सालीं मतदारांनीं त्यास कौल दिला, आणि पुढें ही पद्धति राज्याराज्यांतून पसरली. तिचे प्रकार मात्र अनेक आहेत. न्यूयॉर्क व पेनसिल्व्हेनिया या राज्यांत ज्यानें आपला पक्ष आधीं नोंदविला असेल, त्यालाच त्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकींत मत देतां येतें. कॅलिफोर्नियांत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच यादींत असतात, व विधिमंडळाच्या जागेसाठीं पहिले दोघे अंतिम लढतीस उरतात. मिशिगनांत विधिमंडळाच्या निवडणुकीसाठीं पक्षनोंदणी लागत नाहीं. मतपत्रिकेवर पक्षांचे रकाने शेजारीं शेजारीं छापलेले असतात, आणि मतदारानें त्यांतील कोणताही एकच रकाना निवडावयाचा. दोन रकान्यांत खुणा केल्यास पक्षीय जागांचीं त्याचीं सारीं मतें बाद होतात.

मिशिगनच्या प्रतिनिधिगृहांत 110 सभासद असून त्यांची मुदत अवघी दोन वर्षांची. प्राथमिक निवडणूक ऑगस्टांत व अंतिम नोव्हेंबरांत होते. परंतु पुष्कळ मतदारसंघ असे आहेत, कीं तेथें कोणता पक्ष जिंकणार हें आधींच ठरल्यासारखें असतें. तेथें खरी निवडणूक ऑगस्टचीच. आणि नेमके त्याच वेळीं बहुतेक लोक घरीं बसतात. चिरंजिवांचा मतदारसंघ याच जातीचा होता.

मतपत्रिका टपालानें घरीं आल्या. रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्या टेबलावर ठेवून चिरंजीव म्हणाले, "यांत विचार करण्यासारखें काय आहे? आपल्याकडचे गृहस्थ उभे आहेत. मराठी बोलतात, मंडळाच्या गणपतीला येतात. आपण मत द्यावयाचें नाहीं, तर कोणीं द्यावयाचें?" खरें सांगावयाचें तर मलाही तें पटलें. परमुलखांत आपली भाषा कानीं पडली कीं ऊर भरून येतो. 'दोघांनीं त्यांनाच मत द्या,' असें म्हणण्याच्या मी बेतांत होतों.

इतक्यांत सूनबाई शांतपणें म्हणाली, "अण्णा, ते मंडळांत आले होते तेव्हां मी तेथें होतें. निवडून आल्यावर व्हिसाचा व ग्रीन कार्डाचा प्रश्न सोडवीन, असें ते म्हणाले. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. पण हे विषय वॉशिंग्टनच्या संघसरकारचे. राज्याच्या विधिमंडळाला व्हिसा देतां येत नाहीं. मग हें त्यांना ठाऊक नाहीं, कीं ठाऊक असूनही ते तसें बोलले?"

मीं विचारलें, "मग हें विधिमंडळ करतें तरी काय?" तेव्हां तिनें शाळांचा निधि, रस्ते, मोटारीचा विमा, फौजदारी कायदा, राज्याचा अर्थसंकल्प अशी यादीच सांगितली. त्याच पक्षाच्या दुसऱ्या उमेदवार बाई कित्येक वर्षें तेथील शाळामंडळावर होत्या. मंडळाच्या सभांचीं इतिवृत्तें कोणासही पाहतां येतात, आणि सूनबाईनें तीं वाचलीं होतीं. "बाईंचीं सगळींच मतें मला पटत नाहींत," ती म्हणाली, "पण कोणत्या प्रश्नावर त्या कोठें उभ्या राहिल्या, हें तरी कळतें. अण्णा, तुम्हीं शाळेंत गांवचा मुलगा म्हणून कोणाचे गुण वाढविले असते काय?"

हा प्रश्न मला फार लागला. कारण एकदां मीं तसेंच केलें होतें. एका शिष्यवृत्तीसाठीं शाळेकडून एकाच मुलाचें नांव पाठवावयाचें होतें. दोघांपैकीं नात्यांतला मुलगा मीं निवडला, आणि 'फरक थोडाच आहे' अशी मनाची समजूत घातली. दुसरा मुलगा शिंप्याचा. तो पुढील वर्षीं शाळा सोडून बापाच्या दुकानांत बसला. त्यानें मला कधीं दोष दिला नाहीं. वाटेंत भेटला कीं तो नमस्कार करी. त्या नमस्काराचें ओझें मनावर अजून आहे. हें मीं त्या रात्रीं दोघांस प्रथमच सांगितलें.

थोड्या वेळानें चिरंजीव म्हणाले, "पण एका मतानें असें काय होणार?" त्यास सूनबाईनें घडलेली गोष्ट सांगितली. 2017 सालीं व्हर्जिनिया राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठीं 94 व्या मतदारसंघांत झालेल्या अंतिम निवडणुकींत दोघां उमेदवारांस प्रत्येकीं 11,608 मतें पडलीं. शेवटीं 2018 च्या जानेवारींत चिठ्ठ्या टाकून निकाल लावावा लागला, आणि एका पक्षाचें सभागृहांतील बहुमत त्या चिठ्ठीमुळें टिकलें. जेथें मतदान थोडें, तेथें एका घरांतील दोन मतें म्हणजे लहान गोष्ट नव्हे.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत अमात्यांची परीक्षा धर्म, अर्थ, काम व भय या चार प्रकारें घ्यावी, असें सांगितलें आहे. तेथें परीक्षक राजा होता. आज ती जागा मतदाराकडे आली आहे. त्या कसोट्या जशाच्या तशा लावतां येणार नाहींत, पण त्यांतील भाव घेतां येतो. याला पैसा कोण देतो? तेथें देणग्यांच्या याद्या कायद्यानें खुल्या असतात. श्रोत्यांस न रुचणारें उत्तर भरसभेंत देण्याचें धैर्य याला आहे काय? ज्या कामासाठीं हा उभा आहे, तें काम याला कळतें काय? 1920 सालीं स्थापन झालेली 'लीग ऑफ विमेन व्होटर्स' ही संस्था उमेदवारांस लेखी प्रश्न विचारून त्यांचीं उत्तरें प्रसिद्ध करीत असते, आणि स्वतः मात्र कोणत्याही उमेदवाराचा पुरस्कार करीत नाहीं.

पुढें तीन रात्रीं चिरंजीव तसलीं उत्तरें व याद्या वाचीत बसले. चौथ्या दिवशीं दोघांनीं आपापल्या मतपत्रिकेवर खुणा केल्या, पाकिटांवर सह्या केल्या, आणि टाउनशिपच्या कचेरीपुढील पेटींत तीं टाकलीं. मी बरोबर गेलों होतों. कोणीं कोणास मत दिलें, हें मीं विचारलें नाहीं.

आपल्याकडे प्राथमिक निवडणूक नाहीं. तरी विधानसभा, नगरपालिका, सहकारी पेढी, शाळेची समिति अशा निवडणुका आपल्या घरीं येतच असतात. अशा वेळीं वडील माणसानें नांव सांगावें व सर्वांनीं त्याप्रमाणें मत द्यावें, ही चाल अनेक एकत्र कुटुंबांत आहे. मीही त्या रात्रीं तेंच करणार होतों. त्याऐवजीं एक रात्र सर्वांनीं मिळून उमेदवारांची माहिती वाचावी, धाकट्यांस व सुनांस बोलूं द्यावें, आणि मग ज्याचें मत त्यानेंच ठरवावें. आपल्या माणसाचा अभिमान अवश्य असावा. पण कामाची परीक्षा घेतांना त्यालाही इतरांइतकेच प्रश्न विचारावे. तो खरोखरच योग्य असेल, तर त्या परीक्षेस तो भिणार नाहीं.