शंभर मैलांची शर्यत

धावण्याची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शाळेचे मैदान उभे राहते. चुन्याने आखलेल्या रेषा, शिट्टीचा आवाज आणि क्षणात संपणारी धाव! पण एक शर्यत अशीही आहे, की जी पहाटे सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपते. तिची वाट डोंगरदऱ्यांतून जाते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा ही पर्वतरांग आहे. तेथे १९५५ साली घोडेस्वारांची एक शर्यत सुरू झाली. शंभर मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर अंतर चोवीस तासांत कापायचे, अशी तिची अट होती. १९७३ साली गॉर्डी एन्सली यांचा घोडा वाटेत लंगडू लागला आणि त्यांना शर्यत सोडावी लागली. पुढच्या वर्षी ते घोड्याशिवायच आले आणि पायी धावले. २३ तास ४२ मिनिटांत त्यांनी ती वाट पूर्ण केली! यातूनच 'वेस्टर्न स्टेट्स' ही माणसांची शर्यत जन्माला आली. १९७७ साली ती प्रथम भरली, तेव्हा चौदा जण धावले. शेवटपर्यंत पोचले फक्त तिघे.

जूनच्या अखेरीस पहाटे पाच वाजता शर्यत सुरू होते. आरंभीच सुमारे अडीच हजार फुटांचा चढ लागतो. उंचावर कधी कधी बर्फ असते. दुपारी वाट खोल दऱ्यांत उतरते, तेव्हा अंग भाजून काढणारे ऊन असते. रात्री डोक्याला दिवा बांधून धावावे लागते. वाटेत नदी आहे. पाणी कमी असेल तर दोर धरून ती ओलांडतात. तीस तासांच्या आत ऑबर्न गावातील शाळेच्या मैदानावर पोचले, तरच शर्यत पूर्ण झाली असे मानतात.

एवढे अंतर माणूस धावतो तरी कसा? खरे म्हणजे तो सारखा धावत नाही. अवघड चढ तो चालत चढतो. उतार सोपा वाटतो. पण उतरताना प्रत्येक पावलाला मांड्यांचे स्नायू शरीराला आवरून धरतात आणि दुखावतात. म्हणून उतारावर बेफाम धावणारा पुढे लंगडतो. भूक लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे खावे लागते. घामाबरोबर मीठही जाते. अशा वेळी गरजेपेक्षा जास्त नुसतेच पाणी प्यायले, तर रक्तातील मीठ पातळ होते. माणसाला भोवळ येते, प्रसंगी जीवही धोक्यात येतो. उर्दूतील 'सब्र' या शब्दाशी मराठीतील 'सबुरी'चे नाते आहे. या शर्यतीत वेगाइतकीच सबुरी लागते.

२०१६ साली जिम वॉमस्ली हे धावपटू सर्वांच्या फार पुढे होते. शेवटचे थोडेच मैल उरले असताना एक वळण त्यांच्या नजरेतून सुटले आणि ते वाट चुकले. विजय हातचा गेला. तरीही त्यांनी शर्यत सोडली नाही. ते बहुतेक वाट चालत गेले आणि विसावे आले. २०१८ साली त्यांनीच १४ तास ३० मिनिटांत ही शर्यत जिंकून नवा विक्रम केला.

आणखी एक प्रसंग २०१५ सालचा. गुनहिल्ड स्वॉनसन या सत्तर वर्षांच्या बाई रात्रभर धावून ऑबर्नजवळ आल्या, तेव्हा मुदत संपत आली होती. त्या वर्षीचे विजेते रॉब क्रार पंधरा तासांपूर्वीच पोचले होते. ते साध्या चपला घालून उभे होते. स्वॉनसनबाईंना पाहताच ते तसेच त्यांच्याबरोबर धावू लागले. मैदानावरचे लोक ओरडून धीर देत होते. बाईंनी शेवटची रेषा ओलांडली, तेव्हा २९ तास ५९ मिनिटे ५४ सेकंद झाले होते. मुदतीला फक्त सहा सेकंद उरले होते!

पहिला आलेला माणूस शेवटी येणाऱ्यासाठी पुन्हा धावला. ही शर्यत पाहणाऱ्यांना त्या वर्षीच्या विजयाइतकेच हे सहा सेकंदही आठवतात.