पान सुटेपर्यंत

दुपारी 3
मुंबईतल्या एका मराठी दैनिकाच्या शहर डेस्कवर माझी पाळी सुरू होते. आधी सगळ्यांचे अंक चाळायचे. आमच्याकडून सुटलेल्या बातम्यांसोबत मी आणखी एक गोष्ट बघते: कुठल्या आरोपीच्या नावाआधी समाज छापलाय आणि कुठल्या नाही.

4.30
बातम्यांची बैठक. गोवंडी हे नाव आमच्या यादीत बहुतेक वेळा क्राइम बीटकडूनच येतं. आज आरोग्य बघणाऱ्या वार्ताहराने तिथल्याच देवनार कचरा डम्पिंगलगतच्या वस्तीतल्या श्वसनविकारांची बातमी आणली आहे. हे डम्पिंग 1927 पासूनचं. ‘आत कुठेतरी लावू,’ असं ठरत असताना मी तिसऱ्या पानावर तीन कॉलम मागून घेते. एखाद्या वस्तीतल्या फक्त छाप्यांच्याच बातम्या दिल्या, तर एकेक बातमी खरी असूनही वाचकाच्या मनात तयार होणारं चित्र खोटंच असतं.

6.00
घरफोडीची कॉपी येते. मथळा: ‘पारधी टोळी जेरबंद’.
“‘पारधी’ हा शब्द काढ.”
“मॅडम, पोलिसांच्या प्रेसनोटमध्येच आहे.”
“प्रेसनोट त्यांची, पान आपलं. काल शेअर्सच्या नावाने गंडा घालणाऱ्याची जात लिहिलीस का?”
वार्ताहर गप्प होतो. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, मथळ्यांतून मात्र गेलेला नाही. जिथे हिणवणूक होईल तिथे जातीचा उल्लेख टाळा, असं प्रेस कौन्सिलची आचारसंहिताही सांगते. नवा मथळा: ‘घरफोडीप्रकरणी चौघांना अटक’. बातमीतली एकही माहिती कमी होत नाही.

7.30
‘बांगलादेशी पकडले’ या बातमीला पान लावणाऱ्याने फाइल फोटो घेतलाय: मोहम्मद अली रोडवर खरेदी करणाऱ्या बुरख्यातल्या बायका. त्यांचा या बातमीशी काडीचा संबंध नाही. फोटो काढायला लावते. कॉपीत ‘बांगलादेशी असल्याचा पोलिसांचा संशय’ असं करते. जून 2025 मध्ये मिरा रोड भागात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या एका मजुराला सीमेपार धाडलं गेलं आणि तो भारतीय असल्याचं स्पष्ट झाल्यावर परत आणावं लागलं. ‘संशय’ हा एक शब्द गाळला की पोटासाठी आलेल्या माणसाचा देशच बदलतो.

9.00
समोरच्या टीव्हीवर कुठल्याशा गर्दीचा व्हिडिओ फिरतोय, खाली ठळक पट्टी. ‘घेऊ या का?’ अशी विचारणा होते. आधी त्या भागातल्या वार्ताहराला फोन. 14 एप्रिल 2020 ला कोरोनाच्या टाळेबंदीत वांद्रे स्थानकाबाहेर गावी जायला आसुसलेले मजूर जमले होते. शेजारी मशीद दिसली म्हणून काही वाहिन्यांनी त्या गर्दीला धार्मिक रंग दिला. त्याच दिवसांत कोरोना पसरवल्याचा ठपका ठेवत तबलिगी जमातच्या लोकांवर ठळक मथळे छापून आले. 21 ऑगस्ट 2020 ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या अपप्रचारावर बोट ठेवलं. मधल्या काळात काही ठिकाणी मुस्लिम भाजीवाल्यांना गल्लीत शिरू दिलं गेलं नव्हतं. वार्ताहराचा फोन येईपर्यंत व्हिडिओ थांबतो.

10.30
एक जुना आरोपी निर्दोष सुटलाय. अटकेच्या वेळी बातमी पहिल्या पानावर होती, म्हणून सुटकाही तिथेच हवी, असा माझा आग्रह. जाहिरात आल्यामुळे जागा कमी. शेवटी पहिल्या पानाच्या तळाला दोन कॉलम मिळतात.

12.15
शेवटची नजर मथळ्यांवर, फोटोओळींवर. पान सुटतं.

घाईत आमच्याकडून चुका सुटतात, आणि बदनामी झालेल्या वस्तीतून तक्रारीचं पत्र क्वचितच येतं. कुणी ऐकेल यावर तिथे विश्वास उरलेला नसतो. म्हणून वाचकहो, आरोपीच्या नावाआधी कारण नसताना त्याचा समाज छापलेला दिसला, तर संपादकांना पत्र लिहा. दाद मिळाली नाही, तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करा. तो हक्क प्रत्येक वाचकाला आहे. तुमचं एक पत्र हातात असलं की बैठकीत आमच्या शब्दाला वजन येतं.