आभासी हार्ड डिस्क बिघडते तेव्हा

आपल्यापैकी काहींच्या संगणकात अजूनही एक जुना विंडोज एक्सपी दडलेला असतो. श्रीलिपीत जुळवलेले मंडळाचे दिवाळी अंक उघडण्यासाठी किंवा जुन्या हिशेबांचा प्रोग्राम चालवण्यासाठी तो जपलेला असतो. हा सारा संगणक प्रत्यक्षात व्हीएचडी नावाच्या एका फाईलमध्ये मावतो. एके दिवशी 'फाईल दूषित आहे' असा संदेश येतो आणि वीस वर्षांचे अंक गेलेच, असे वाटू लागते. बहुतेक वेळा ते गेलेले नसतात. गेलेला असतो तो त्यांचा पत्ता.

व्हीएचडी ही रचना मूळची कनेक्टिक्स कंपनीची. तिचे आभासी संगणकाचे तंत्रज्ञान २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतले. फाईलच्या शेवटी ५१२ बाइटांची तळनोंद असते. तिच्या आरंभी त्या कंपनीचे नाव आजही आहे, मात्र जागा आठच रोमन अक्षरांची, म्हणून त्यातला एक 'एन' गळालेला!

डिस्क ठरावीक आकाराची असेल, तर तळनोंद नष्ट झाली तरी फारसे बिघडत नाही. तिच्या आधीचा सर्व मजकूर साध्या डिस्कसारखाच सलग असतो. वाढत्या आकाराच्या डिस्कचे तसे नाही. तिच्यात माहिती सहसा २ एमबीच्या खंडांत साठते आणि कोणता खंड कुठे आहे, हे एका तक्त्यात नोंदलेले असते. तळनोंदीची प्रत फाईलच्या आरंभी असते. या तक्त्याची प्रत कुठेच नसते. खंड ज्या क्रमाने लिहिले गेले त्या क्रमाने बांधलेले असतात. पाने शाबूत, पण अनुक्रमणिका फाटलेली, अशी ही अवस्था. २०१२ मध्ये आलेल्या व्हीएचडीएक्समध्ये अशा नोंदींसाठी रोजनाम्याची सोय झाली, त्यामुळे वीज अचानक गेली तरी तक्ता सहसा वाचतो.

विंडोज ७ मधील 'एक्सपी मोड' वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. तेथे फाईली दोन असतात: एक मूळ आणि दुसरी केवळ त्यानंतरचे बदल साठवणारी. जागा मोकळी करताना मूळ फाईल निरुपयोगी समजून पुसली, तर दुसरी अपुरी ठरते. मूळची जशीच्या तशी प्रत जुन्या बॅकअपमध्ये सापडली, तर ही साखळी पुन्हा जोडता येते.

दुरुस्तीचा मोह मात्र आवरावा. चेकडिस्कचे काम फाईल-व्यवस्था सुसंगत करण्याचे. आपले अंक वाचवणे हा तिचा हेतू नव्हे, आणि ती डिस्कवर लिहिते. आधी संपूर्ण फाईलची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यावी. मूळ ड्राइव्हच नीट वाचला जात नसेल, तर त्यासाठी डीडीरेस्क्यू वापरावे. पुढचे सर्व प्रयोग प्रतीवरच. ती केवळ वाचनासाठी जोडून पाहावी, सेव्हन-झिपने उघडते का तपासावे; आतील विभाजन हरवले असेल, तर टेस्टडिस्क ते शोधू शकते.

तक्ताच गेला असेल, तर फोटोरेकसारखे साधन फाईलींच्या ओळखखुणा शोधत कच्च्या मजकुरातून त्या उचलते. लहान पत्रे आणि छायाचित्रे अशी बऱ्यापैकी मिळतात. मोठ्या फाईली अनेक खंडांत विखुरलेल्या असल्याने बहुधा तुटक निघतात. मूळ नावे आणि फोल्डर परत येत नाहीत. कोणता अंक कोणत्या वर्षाचा, हे एकेक फाईल उघडूनच ठरवावे लागते.