एक तारखेचा पगार येतो कुठून?



मागच्या महिन्यात आमच्या गटात कर्जाचे दोन अर्ज आले. एका काकूंना मुलाच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी तिसऱ्यांदा कर्ज हवं होतं. दुसऱ्या ताईंना शेवयांचं मशीन घ्यायचं होतं. पैसे एकीलाच पुरतील एवढे. बऱ्याच जणी म्हणाल्या, "काकूंना द्या. पोरगं सरकारी नोकरीला लागलं की घराचं भलं. शेवयांचा काय भरवसा?"

त्यांचं चुकत नव्हतं. सरकारी नोकरीत पगार ठरलेला, बाळंतपणाला १८० दिवसांची भरपगारी रजा, म्हातारपणाला आधार. छोट्या खासगी नोकरीत यातलं फार थोडं मिळतं. तालुक्याचा बाजारसुद्धा शिक्षक, तलाठी, पोलीस यांच्या पगारावर हलतो. पगार लांबला की किराणावाल्याची उधारी वाढते.

पण तो पगार येतो कुठून? राज्याच्या तिजोरीत मुख्यतः जीएसटी, जमीन-घराच्या खरेदीवरचं मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा कर, दारूवरचं उत्पादन शुल्क आणि केंद्राच्या करातला वाटा जमा होतो. म्हणजे कुणीतरी माल बनवतं, कुणी विकतं, कुणी घेतं, तेव्हा हा पैसा तयार होतो. पिंपरी-चिंचवडचा कारखाना, इचलकरंजीचा माग, आपल्या चौकातलं दुकान, सगळ्यांचा त्यात हात. या पैशातून पगार, पेन्शन आणि कर्जाचं व्याज चुकवावंच लागतं. रस्ते, पाणी, दवाखाने यांना उरलेल्यातून भागवावं लागतं. म्हणून धंदा न वाढता नुसत्या नोकऱ्या वाढवत नेता येत नाहीत. झरा आटला तर विहिरीवर कितीही पोहरे सोडा, पाणी येणार नाही.

उलट बाजूही आहे. रस्ता, वीज, शाळा नसेल तर धंदा उभा राहत नाही. १९६२ साली सरकारने एमआयडीसी काढली, जागा आणि पाणी दिलं, म्हणून कितीतरी गावांच्या शेजारी कारखाने आले. दोघं एकमेकांवर उभे आहेत.

आता आकडा ऐका. २०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या, अर्ज आले दहा लाखांहून जास्त. एका जागेमागे दोनशेहून अधिक मुलं! खुल्या गटाला परीक्षेची फी हजार रुपये. ज्यांना जागा मिळाली नाही ती सगळी मुलं काही कमी हुशार नव्हती. जागाच तेवढ्या होत्या.

आम्ही मशीनला कर्ज दिलं. काकू रुसल्या, त्यानंतर बैठकीला आल्या नाहीत. या रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे. त्यांच्या मुलाला "परीक्षा सोड" असं मी सांगणार नाही. एवढंच विचारीन, की आणखी किती वर्षं देणार ते ठरवलंय का, आणि तोवर हाताला दुसरं कुठलं काम शिकतोयस?

तुमच्या गटातही असा अर्ज आला, तर हे दोन प्रश्न आधी विचारा. आणि धंदा काढणार असाल तर उद्यम नोंदणी मोफत होते, हे लक्षात ठेवा. त्यासाठी सरकारी फी आहे म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.